क्षार नेमका कुठे बसतो?

वॉशिंग मशीन नीट धुवेनासं झालं, पाणी कमी घेऊ लागलं किंवा मध्येच थांबलं, की मेकॅनिकपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं निदान बहुधा एकच असतं: क्षार धरलाय. मग पुड्या आणल्या जातात, ॲसिडच्या बाटल्या आणल्या जातात, कुणी मागचं पत्र्याचं झाकण उघडून आत हात घालतं. ही घाई मला धोक्याची वाटते, कारण तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. क्षाराचा टणक थर मशीनमध्ये वाटेल तिथे बसत नाही. तो मुख्यतः तापणाऱ्या भागावर बसतो. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं तर आपल्या हातून काय होण्यासारखं आहे आणि कशाला हात लावायचा नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं.

जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. गिझरच्या कॉइलवरचं पांढरट कवच ते हेच. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये ड्रमखाली साधारण २००० वॅटचा हीटर असतो, त्यामुळे क्षाराचा खरा प्रश्न तिथे आहे. वरून कपडे टाकायच्या बहुतेक मशीनमध्ये हीटरच नसतो. तिथे पाणी कमी येत असेल तर आधी नळी सोडवून तिच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहावी. टाकीतली रेती आणि गंज तिथे अडकतात. पाणी जात नसेल तर ज्या मशीनला पंपाची जाळी असते तिथे ती उघडावी. नाणी, बटणं, केस, धागे तिथे सापडतात. ही दोन्ही कामं घरी करण्यासारखी आहेत, फक्त पिन काढून आणि नळ बंद करून.

यावर कुणी म्हणेल, आमच्याकडे गार पाण्यात धुऊनही काळ्या कपड्यांवर पांढरे डाग उरतात, तो क्षार नाही तर काय? तो कॅल्शियमच आहे, पण त्याला खाली बसवणारी गोष्ट उष्णता नसून सोडा आहे. स्वस्त पावडरींत धुण्याचा सोडा भरपूर असतो आणि तो जड पाण्यातलं कॅल्शियम गार पाण्यातही बाहेर काढतो. साबणाचा चुरा वापरला तर चिकट मळी होते आणि ती ड्रमच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहते. याचा उपाय पावडर बदलणं आणि कपडे एकदा जास्त खळबळणं हा आहे, मशीन खोलणं नव्हे.

पाणी किती जड आहे हे कळल्याशिवाय कुठलीच पुडी विकत घेऊ नये. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. मुंबईला तानसा-भातसासारख्या तलावांतून येणारं पाणी त्या मानाने हलकं असतं. मराठवाड्यातल्या बोअरचं किंवा पुण्याभोवतीच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकरने येणारं पाणी पुष्कळदा तसं नसतं. टीडीएसचा मीटर इथे फसवतो, कारण तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, नुसतं कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही. तुरटी गाळ खाली बसवते, जडपणा काढत नाही. आणि आरओतून वाया जाणारं पाणी मशीनमध्ये ओतण्याची सवय, पाणी वाचवण्याच्या कळकळीने लागली असली तरी, गरम धुण्यासाठी घातक आहे. तीन लिटरांतून एक लिटर शुद्ध निघालं, तर उरलेल्या दोन लिटरांत क्षार जवळजवळ दीडपट होतात. त्या पाण्याने फरशी पुसावी.

आता दर महिन्याला क्षार काढायची पावडर टाकाच, या सल्ल्याचा हिशेब करून पाहू. समजा पाण्याचा जडपणा ३०० मिलिग्रॅम आहे आणि गरम धुण्याला १५ लिटर पाणी लागतं. सगळाच्या सगळा क्षार हीटरवर बसला असं धरलं, तरी एका धुण्याला साडेचार ग्रॅम होतो. आठवड्याला दोन गरम धुणी म्हणजे महिन्याला ३६ ग्रॅम. प्रत्यक्षात त्यातला बराच पाण्याबरोबर निघून जातो, काही डिटर्जंट धरून ठेवतं, शिवाय जडपणाचा काही भाग तापवूनही खाली बसत नाही. १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, साधारण ७० ग्रॅम क्षार विरघळवू शकतं. म्हणजे अगदी वाईटात वाईट धरूनही दोन महिन्यांतून एकदा पुरतं, आणि गार पाण्यानेच धुणाऱ्या घराला क्षारासाठी त्याची जवळजवळ गरजच नाही. लिंबूफूल टाकायचं ते रिकाम्या ड्रममध्ये, डिटर्जंटशिवाय, ४० ते ६० अंशांवर. त्याहून कढत पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचाच नवा थर बसण्याचा संभव असतो. नंतर एकदा नुसत्या पाण्याने मशीन फिरवावं.

संडास-बाथरूमचं ॲसिड जास्त झटपट काम करतं हे खरं आहे, म्हणूनच त्याची मला जास्त भीती वाटते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते स्टीलच्या ड्रमला खड्डे पाडतं, ड्रमला मागून धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आधाराला खातं, आणि कपड्यांच्या ब्लीचचा अंश आत राहिला असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

क्षाराने खरोखर बिघडतो तो हीटर. थर उष्णता अडवतो, आतली नळी जास्त तापते, तिला तडा जातो, पाणी आत शिरतं आणि वीज पाण्यात उतरते. घरात वीजगळतीचा ब्रेकर असेल तर तो गरम धुणं सुरू होताच पडतो. नसेल आणि अर्थिंगही नसेल तर मशीनच्या अंगाला वीज येते. ब्रेकर असा वारंवार पडू लागला तर तो बळेच चढवू नये, पिन काढावी आणि जाणकाराला बोलवावं. हीटर स्वस्तात स्वतःच बदलता येतो, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की वाचणारी मजुरी या धोक्याच्या मानाने फार थोडी आहे. मेकॅनिकने हीटर बदलला तर जुना मागून घ्यावा. तो अंड्याच्या कवचासारख्या जाड थराने झाकलेला असेल तर गरम धुणी कमी करावीत. तो जवळजवळ उघडाच निघाला, तर दोष क्षाराचा नव्हता.