ताराबाई शिंदे : वऱ्हाडच्या विचारवंत लेखिका



बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. निमित्त होतं सुरतच्या खटल्याचं. नवजात बाळाला मारल्याबद्दल विजयालक्ष्मी या विधवेला फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रातून बायकांच्या जातीलाच दोष दिला गेला. ताराबाईंचा सवाल सरळ होता : जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? टीका झाली तेव्हा जोतीराव फुले पाठीशी राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

आपल्या चांदूर रेल्वेच्या वर्गात तक्ता करून घ्या : घरी उशिरा आल्यावर कोणाला विचारतात, मुलाला की मुलीला? उत्तरं मुलांनाच लिहू द्या. पालकहो, तोच तक्ता आपणही भरून पाहा बरं!