ड्रोनवरील ओरखडे

फवारणीसाठी अथवा पिकांच्या पाहणीसाठी ड्रोन वापरणाऱ्यांची संख्या आता खेडोपाडी वाढत आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेमुळे महिला बचत गटांच्या हातीही हे यंत्र आले. यंत्र मोलाचे असल्याने त्यावर पहिला ओरखडा उमटताच गटात चलबिचल होते. कोणी तो रंगवून झाकावा म्हणतो, तर कोणी पॉलिशपेपरने घासून काढावा असे सुचवितो. या दोन्ही गोष्टी सहसा करू नयेत. नांगराच्या फाळास माती लागते, तसे ड्रोनच्या पायांना व पोटास चरे पडावयाचेच. मुरमाड जमिनीवर किंवा धसकटांत उतरणाऱ्या ड्रोनची तर गोष्टच नको.

ओरखडा केवळ वरवरचा आहे किंवा कसे, हे प्रथम ठरवावे. त्याकरिता बॅटरी काढून ठेवावी. फवारणीच्या ड्रोनवर औषधाचा अंश असतो, म्हणून हातमोजे घालून तो साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावा. मोटारींवर पाण्याचा जोरदार झोत सोडू नये. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सांडू नये. निम्मे ओरखडे येथेच नाहीसे होतात, कारण ते मुळात ओरखडे नसून वाळलेल्या चिखलाच्या किंवा औषधाच्या रेघा असतात.

उरलेल्या रेघेवरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही, तर ती खूण केवळ डोळ्यांस खुपणारी समजावी व तशीच राहू द्यावी. ड्रोनच्या उडण्यात तिने काही फरक पडत नाही. चकचकीत प्लॅस्टिकवरील बारीक रेघ मोटारगाडीच्या पॉलिशने हलक्या हाताने पुसता येते. मात्र खरबरीत, मंद रंगाच्या कवचावर हा उपाय करू नये, कारण घासलेली जागा चमकू लागते आणि रेघेपेक्षा तो डागच अधिक दिसतो. पेट्रोल, थिनर व नखांचा रंग काढण्याचे द्रव्य यांचा स्पर्शही कवचास होऊ देऊ नये. त्यांनी प्लॅस्टिक मऊ पडते किंवा त्यास सूक्ष्म भेगा जातात. पुसताना अनुक्रमांकाची पट्टी पुसट होणार नाही हेही पाहावे. ड्रोन नियम, २०२१ अन्वये मिळणारा ओळख क्रमांक कारखान्याच्या याच अनुक्रमांकाशी जोडलेला असतो.

रंग देण्यास आमचा विरोध आहे, तो दिसण्यासाठी नव्हे. भुजेच्या मुळाशी पडलेला तडा आरंभी साध्या ओरखड्यासारखाच दिसतो. त्यावर रंग चढला की तो वाढला किंवा कसे, हे कोणास कळत नाही, आणि दहा लिटर औषधाची टाकी घेऊन उडणारी भुजा एखाद्या दिवशी माणसांच्या जवळ निखळते. प्लॅस्टिक वाकून पांढरे पडले असेल, तर ती जागा दुखावली आहे असे मानावे. भुजा कार्बन तंतूंची असल्यास नाण्याने हळूच ठोकून पाहावी. सर्वत्र खणखणीत आवाज येऊन एकाच ठिकाणी बद्द आवाज आला, तर आतील थर सुटले असण्याचा संभव असतो. अशी भुजा घरी घासू नये. तिची भुकटी श्वासावाटे जाणे अपायकारक असून विद्युत्‌वाहक असल्याने मोटारींत व तारांत शिरल्यास बिघाड करते. ड्रोन न उडविता दुरुस्ती केंद्राकडे पाठवावा.

पंख्याच्या पात्यांबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. पात्याच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू जेथे अडकतील तेथे खाच आहे. अशा पात्याने यंत्र थरथरते व स्क्रू ढिले पडतात. खाच कानशीने गुळगुळीत केली तरी वजनाचा तोल बिघडतोच. म्हणून पाते बदलावे, आणि एकाच मोटारीवरील दोन्ही पाती एकदम बदलावीत. बॅटरीच्या वेष्टनास खोल चीर गेली असेल किंवा ती फुगली असेल, तर ती पुन्हा चार्ज न करता घरापासून दूर, उघड्यावर ठेवून विक्रेत्यास कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने गटास एक वही घालून द्यावी. प्रत्येक नव्या खुणेची तारीख, जागा आणि लांबी तीत लिहावी. शक्य झाल्यास भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे. पंधरा दिवसांनी तीच खूण लांबलेली दिसली, तर ती ओरखडा नव्हती हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही.

नवे चरे टाळण्यास खर्च थोडाच आहे. उड्डाणाच्या व उतरण्याच्या जागेवरील खडे वेचून तेथे ताडपत्री ताणून अंथरावी आणि तिची चारही टोके खुंट्यांनी जमिनीस घट्ट बांधावीत, अन्यथा पंख्याच्या वाऱ्याने ताडपत्रीच उडून पात्यांत अडकते.