साथीचा रोग आणि दुसरा बाण



संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. बाण लागला की अंग दुखतेच. अज्ञ माणूस त्या दुखण्यावर शोक करीत बसतो आणि दुसरा बाण मनात रुतवून घेतो. धम्म जाणणाऱ्याला एकच बाण लागतो.

२०२० साली कोरोनाची साथ आली. ताप आला, हातचे काम गेले, हा पहिला बाण. तो खोटा नव्हे. नुसते ‘धीर धरा’ म्हटल्याने कोणाची चूल पेटत नाही. पण दिवसभर मरणाच्या बातम्या ऐकून रात्री डोळा न लागणे, हा दुसरा बाण. तो उपटता येतो. गिरिमानंद भिक्खू आजारी असता भगवंतांनी आनंदाकरवी त्यांना दहा संज्ञा सांगितल्या. त्यांतली शेवटची आनापानसती. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे बसा. श्वास रोखू नका, नुसता जाणा. बसवत नसेल त्याने सावकाश चंक्रमण करावे. भूक-झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा कसला?

साथीत अंतर राखणे हा उपचार आहे, विटाळ नव्हे. ‘शिवू नका’ हे शब्द आपल्या वाडवडिलांनी कोणत्या अर्थाने ऐकले, ते तुम्हांस सांगायला नको! अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच गेल्या. तेव्हा रोग्याच्या दारात डबा ठेवताना मुकाट्याने मागे फिरू नका. नावाने हाक मारा, उत्तर येईपर्यंत उभे राहा.