प्रौढांचे संस्कृत आणि संगणक

संस्कृत शिकू पाहणाऱ्या मराठी प्रौढाला लिपी आयती येते आणि बरेच शब्दही ओळखीचे निघतात. अडते ते रूपांपाशी. संबोधन धरून आठ विभक्ती आणि तीन वचने, म्हणजे एका नामाची चोवीस रूपे. पेणजवळच्या हमरापुरात दिवसभर गणपतीच्या कारखान्यात राबून रात्री मोबाइल उघडणाऱ्याला ती घोकत बसायला सवड नसते. संगणकाचा खरा उपयोग इथेच होतो आणि फसगतही इथेच होते.

डेमियन एल्मिस यांनी २००६ साली आणलेला ‘अँकी’ हा प्रोग्राम कार्डावर लिहिलेला शब्द आपण विसरण्याच्या बेतात असताना तो पुन्हा समोर आणतो. कार्डावर पुढे ‘वनात्’ आणि मागे अर्थ ठेवला, तर मराठी डोळा ते ‘वनात’ असेच वाचतो आणि आपल्याला येते असे वाटत राहते. म्हणून पुढे ‘रानातून’ ठेवावे, मागे ‘वनात्’. आणि उत्तर उघडण्याआधी ते मोठ्याने म्हणावे.

श्रावणात कारखान्यात डोळ्यांच्या आखणीची घाई सुरू झाली की उजळणी तुंबते. विसर्जनानंतर प्रोग्राम उघडावा तर शेकडो कार्डे थकलेली, आणि शिकणे बहुधा तिथेच सुटते. आषाढातच नवी कार्डे बंद करून फक्त जुनी चालू ठेवावीत. तरीही तुंबलीच, तर रोजची मर्यादा लहान ठेवून ती हळूहळू उपसावीत.

टंकलेखनातली एक चूक फार छळते. विसर्गाच्या जागी कीबोर्डावरचा अपूर्णविरामाचा ठिपका-जोड टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ‘रामः’ सापडत नाही आणि शिकणारा शब्दावरच शंका घेतो. युनिकोडपूर्व फाँटातल्या जुन्या फायलींमधून मजकूर उचलला, तर हाती निरर्थक अक्षरे येतात. कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे कोश मूळ शब्दाने लावलेले आहेत. तिथे ‘रामेण’ न शोधता ‘राम’ शोधावे लागते.

संधी सोडवणारी साधने या कोशांहून मोलाची. फ्रान्समधील जेरार ह्युए यांचे ‘संस्कृत हेरिटेज’ आणि हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने झालेली ‘संसाधनी’ ही त्यांतली ठळक नावे. लॅटिनच्या विद्यार्थ्याला विल्यम व्हिटेकर यांचा ‘वर्ड्स’ कोणत्याही रूपाचे मूळ सांगतो. संस्कृतात मात्र आधी शब्द कुठे तुटतो हेच ठरवावे लागते. ‘श्वेतो गच्छति’ म्हणजे ‘पांढरा जातो’, किंवा श्वा इतः असे तोडले तर ‘कुत्रा इथून जातो’. यंत्र सगळे पर्याय दाखवते. निवड संदर्भ पाहून माणसालाच करावी लागते. म्हणून वाक्य आधी पेन्सिलीने फोडावे, मगच यंत्राशी ताडून पाहावे. जिथे जुळत नाही ती जागा वहीत टिपून जाणत्या शिक्षकाला दाखवावी. त्याच बैठकीत आठवड्याचा उतारा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावा, कारण या साधनांना शिकणाऱ्याचा उच्चार ऐकू येत नाही.