पहिला गिअर बघून गाडी घे

फैजपूर,
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, टोचनच्या गाडीला हाताचा गिअर घेऊ की ऑटो?" उत्तर दोन शब्दांत देता आलं असतं. पण कर्जाच्या कागदावर सही करशील तेव्हा माझं सगळं म्हणणं तुझ्यासमोर असावं, म्हणून लिहायला बसलो.

हाताचाच गिअर घे. मात्र तेवढ्यावर थांबू नकोस. हाताच्या गिअरची गाडीसुद्धा चुकीची घेता येते. मी घेतली होती.

तीस वर्षांपूर्वी एक जुनी चासी घेऊन मी तिच्यावर टोचनचा सांगाडा चढवला. घेताना विचारलं काय, तर टॉपमध्ये किती पळते आणि लिटरला किती देते. पहिल्या गिअरची चौकशीच केली नाही. त्याच पावसाळ्यात पाल घाटात एक भरलेला ट्रक बंद पडला आणि मी ओढायला गेलो. दोर ताणला, पण पहिल्या गिअरमध्येही गाडी उठेना. क्लच अर्धा धरून मी रेस देत राहिलो. आधी जळका वास आला, मग धूर, मग इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि दोन्ही गाड्या मागे सरकल्या. क्लीनर पोराने चाकामागे दगड सारला म्हणून वाचलो. दगड आणि टायर यांच्यामधून त्याने हात काढला तो पापणी लवायच्या आत. तो हात मला अजून दिसतो. चूक त्या पोराची नव्हती, बंद पडलेल्या ट्रकचीही नव्हती. ती गाडी निवडणाऱ्याची होती.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. टोचनची गाडी शेवटचा गिअर बघून घ्यायची नसते. पहिला आणि रिव्हर्स बघून घ्यायची असते.

हिशेब समजून घे. तुझी गाडी आणि मागची मिळून दहा टन आहेत आणि रस्ता दहा फुटांना एक फूट चढतोय, असं धर. दोन्ही गाड्या नुसत्या जागेवर धरायला सुमारे एक टन ओढ लागते. पुढे सरकायला त्याहून जास्त. एवढी ओढ इंजिन एकटं देत नाही. गिअरबॉक्स तिला वाढवतो, मागचा क्राऊन-पिनियन आणखी वाढवतो. पहिल्या गिअरचा रेशो 6 आणि टॉपचा 1 असेल, तर पहिल्यात चाकाला सहापट जोर पोचतो. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 7 असतील तर रेशो 5.86 येतो, पिनियनला 6 असतील तर 6.83. फरक एका दाताचा, पण ओढ सहाव्या हिश्श्याने वाढते. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर वेग सातव्या हिश्श्याने कमी होतो, तो होऊ दे. गाडी मागे बांधून नेताना ताशी 25 किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर ठेवायचं नाही, असा नियमच आहे. ज्या धंद्यात घाईला जागा नाही, तिथे वेगासाठी पैसे मोजू नकोस.

आता ऑटोचं. विकणारा तुला म्हणाला, "यात क्लचच नाही." बेटा, पेडल नाही, क्लच आहे. तुला दाखवली ती एएमटी आहे. म्हणजे हाताचाच गिअरबॉक्स, तीच घासणारी प्लेट. फक्त क्लच दाबायचं काम तुझ्या पायाऐवजी यंत्र करतं. मोकळ्या हायवेवर दिवसभर चालणाऱ्या ड्रायव्हरला तिचं मोठं सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण ताणलेल्या दोरावर बोटभर सरकायचं असतं, तेव्हा दोर कुठे झिजलाय आणि मागच्या गाडीचं चाक कुठे अडलंय ते यंत्राला दिसत नाही. तुला दिसतं.

अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ तू पाठवलेस, तेही पाहिले. तिथे डिझेल पिकअपला हाताचा गिअर देणारी रॅम ही शेवटची; 2018 च्या मॉडेलनंतर तोही बंद झाला. त्या वर्षी त्याच कमिन्स इंजिनाचा टॉर्क हाताच्या गिअरबरोबर 660 पौंड-फूट ठेवला होता आणि सगळ्यात दणकट ऑटोमॅटिकबरोबर 930. तेव्हा ऑटोमॅटिक ओढायला कमी पडतो असं कोणी सांगितलं तर मानू नकोस. पण तो ऑटोमॅटिक निराळा. त्यात प्लेटच्या जागी तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि तो जागेवरून उठतानाच जोर वाढवतो. तुला दाखवलेल्या गाडीत तो नाही. नाव ऑटो असलं म्हणून दोन्ही एका पंगतीत बसवू नकोस.

शिवाय आपलं काम कुठे असतं ते आठव. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता आपल्या दारातून जातो, पण गाड्या अडकतात त्या बामणोदच्या, आमोद्याच्या, न्हावीच्या शिवारात. पावसाळ्यात काळ्या रानात केळीचा ट्रक एकदा आसापर्यंत बसला की माणसांच्या रेट्याने निघत नाही. कापलेला घड वाट बघत नाही. शेतकऱ्याचं वर्ष त्या ट्रकमध्ये असतं. तिथे विंच लागतो, आणि त्याच्या पंपाला जोर मिळतो गिअरबॉक्सच्या बगलेतल्या पीटीओतून. म्हणून चासी बघताना गिअरबॉक्सला पीटीओची जागा आहे का, हे खाली वाकून स्वतः बघ. आणि अशा जागी रात्री काही बिघडलं, तर जिची प्लेट भुसावळला मिळते आणि जी आपला मिस्त्री सकाळपर्यंत बसवून देतो, अशी गाडी हवी.

तू म्हणतोस ती जुनी गाडी घ्यायची झाली, तर चार गोष्टी केल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. हँडब्रेक ओढून टॉप गिअर टाक आणि क्लच हळूहळू सोड. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते. न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग बोलतंय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस एकदम सोड. गिअर आपोआप सुटला तर पुढे बघू नकोस. शेवटी थोडं तेल काढून उन्हात धर. पितळेची चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. नवं तेल भरशील ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच.

गाडी आली की खरं काम तुझ्या पायाचं. काल पोळा झाला. तुझे आजोबा भरलेली गाडी उठवताना आधी बैलांना अर्धं पाऊल टाकू द्यायचे. जू मानेवर नीट बसलं की मगच हाक मारायचे. दोराचंही तसंच आहे. आधी ढील काढ, दोर बसू दे, मग ओढ. दर वेळी पहिल्या गिअरमध्येच उठव. पहिल्याचा रेशो 6 आणि दुसऱ्याचा साडेतीन असेल, तर दुसऱ्यात उठवताना सपाट रस्त्यावरही क्लचला जवळजवळ तिप्पट उष्णता सोसावी लागते. वर आपल्याकडचा वैशाख, पारा पंचेचाळीसला टेकलेला. प्लेट किती सोसेल?

उतरताना ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतर. औट्रम घाट असो की पाल, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचा नाही. मागचं वजन इंजिनाने धरलं तरच ब्रेक गरम होत नाहीत आणि वेळेला उपयोगी पडतात.

दुसऱ्याची गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायची असेल, तर तिचा प्रोपेलर शाफ्ट आधी सोड. तिचं इंजिन बंद असतं, त्यामुळे गिअरबॉक्समधला तेल उडवणारा खालचा शाफ्ट फिरत नाही. चाकं मात्र वरचा शाफ्ट फिरवत राहतात. तो कोरडा फिरून जळतो. चार बोल्ट काढायचा आळस केलास, तर अडलेल्या माणसाला तू दुसरा खर्च लावून आलास. त्याने आधीच त्रास सोसलेला असतो. त्याची गाडी जशी हाती आली तशी त्याच्या दारात पोचवणं, हाच आपला धर्म समज.

आणखी एक. गाडीबरोबर पहिल्याच दिवशी सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घे आणि प्रत्येकाला तीन हात लांब दांडा ठोक. तू ठेवशील तो क्लीनरही कुणाचा तरी मुलगा असेल. चाकामागे ठोकळा जाऊ दे, त्याचा हात कधी जाऊ नये.

ताईला नमस्कार सांग. चासी बघायला जाशील त्या दिवशी कळव, मी येतो.

तुझा,
मामा