दुर्मीळ फळझाडांची नर्सरी: पालकांनी आणि मुलांनी आधी काय पाहावे

‘मुलगा इंजिनीअरिंग नको म्हणतो. गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावलंय, रात्री बॅटरी घेऊन फुलं बघायला जातो, आणि याचीच नर्सरी टाकणार म्हणतो. यात पुढे काही आहे का?’ असा प्रश्न घेऊन येणारे आईवडील आता वरचेवर भेटतात. कुणाची मुलगी बियांपासून मँगोस्टीन उगवून बसलेली असते, कुणाच्या मुलाने खिडकीत पाच रंगांचे निवडुंग जमवलेले असतात. माझे उत्तर ‘हो, आहे’ असेच असते. मात्र या धंद्यातला टिकाऊ पैसा मुलाला दिसतो तिथे बहुधा नसतो, आणि ते समजून घ्यायला थोडे खोलात जावे लागते.

ड्रॅगन फ्रूटपासूनच सुरुवात करू. हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले वेलीसारखे चढणारे निवडुंग. फ्रेंचांनी ते व्हिएतनामला नेले आणि तिथे त्याचे मोठे पीक झाले. आपल्याकडे जत, सांगोला अशा कमी पावसाच्या भागात ते रुजले, कारण त्याला पाणी कमी लागते आणि हलकी, मुरमाड जमीनही चालते. 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावचे ड्रॅगन फ्रूट दुबईला निर्यात झाले. त्याच वर्षी गुजरात सरकारने या फळाला ‘कमलम’ असे नाव दिले. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर संशोधन चालते, आणि लागवडीला सरकारी अनुदानही मिळते. मुलाने पाहिलेल्या व्हिडिओंत हे सगळे असते आणि ते खरेही आहे.

आता नर्सरीच्या बाजूने हिशेब मांडा. ड्रॅगन फ्रूटची काडी वीतभर किंवा थोडी जास्त लांब कापायची, जखम वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवायची आणि पिशवीत लावायची. महिन्या-दीड महिन्यात मुळ्या सुटतात. चांगल्या झाडावर दरवर्षी अशा कितीतरी काड्या मिळतात. खांब 3 मीटर बाय 3 मीटरवर उभे केले तर हेक्टरी साधारण 1,100 खांब बसतात. खांबाला 4 रोपे, म्हणजे 4,400 रोपे. मोठी ऑर्डर वाटते, आणि पहिल्या खेपेला ती मोठी असतेही. पण दुसऱ्या वर्षी त्याच शेतकऱ्याच्या बागेत छाटणी होते, छाटलेल्या काड्या तो स्वतःच पिशव्यांत भरतो आणि शेजाऱ्याला तुमच्यापेक्षा कमी भावात देतो. तुमचे गिऱ्हाईकच तुमचा स्पर्धक झालेले असते. नवीन जातीची काडी सुरुवातीला महाग विकली जाते, कारण ती थोड्यांकडेच असते. विकलेल्या प्रत्येक काडीबरोबर तिची किंमत उतरत जाते.

महाराष्ट्राने हे ईमू पक्ष्यांच्या पालनाच्या वेळी अनुभवले आहे. पिल्ले विकणाऱ्यांनी सुरुवातीला कमावले आणि शेवटी पिल्ले घेणाऱ्यांच्या दारात पक्षी उरले. ड्रॅगन फ्रूटची गोष्ट तितकी वाईट नाही, कारण त्याच्या फळाला खरे गिऱ्हाईक आहे. पण ‘आमच्याकडून रोपे घ्या, फळ आम्हीच परत घेऊ’ असे जो म्हणतो त्याच्याशी पालकांनी सावधपणेच बोलावे. आणि आपल्या मुलाने कधीही असे वचन देऊ नये, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

मग उरते काय? उरतात ती झाडे ज्यांची अभिवृद्धी सोपी नाही. करिअर तिथे आहे.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. कोकम, म्हणजे रातांबा. बी पेरली की रोप सहज येते. पण कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांच्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात. ते कळते फुले आल्यावर, म्हणजे 6-7 वर्षांनी. तोवर शेतकऱ्याने जमीन, पाणी, कुंपण सगळे त्यात घातलेले असते. म्हणून कोकमाचे कलम लागते आणि त्याची काडी मादी झाडाचीच लागते. पुढची गोम अशी, की काडी आडव्या फांदीची घेतली तर कलम जमिनीलगत पसरत राहते, झाड सरळ वर जात नाही. शेंड्याकडची, उभी वाढणारी फांदी शोधावी लागते आणि अशा काड्या एका झाडावर मोजक्याच मिळतात. जायफळाचेही असेच आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी कोकमाची जात दिली आहे, पण जात असणे आणि तिची हजार चांगली कलमे तयार असणे यांत कुशल हातांचे अंतर आहे. ते अंतर भरून काढणाऱ्याला काम कमी पडत नाही.

रंबुतानच्या बियांच्या रोपांतही नर झाडे निघतात, म्हणून डोळा भरूनच रोपे करावी लागतात. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या फळ संशोधन केंद्राने ‘अर्का कुर्ग अरुण’ आणि ‘अर्का कुर्ग पीताभ’ या जाती दिल्या आहेत. मँगोस्टीनची तऱ्हा निराळी. त्याची बी परागीभवनाशिवायच तयार होते, त्यामुळे बियांचे रोप आईसारखेच निघते. पण वाढ इतकी संथ की पहिल्या फळाला 7-8 वर्षे धरावीत, कधी त्याहूनही जास्त. शिवाय रंबुतान, मँगोस्टीन, फणस या झाडांची बी वाळली की मरते. ज्वारीसारखी डब्यात भरून ठेवता येत नाही, फळ फोडल्यापासून दिवस मोजावे लागतात. परदेशातून पाकिटात आलेली वाळकी ‘मँगोस्टीन बी’ विकत घेऊन मुलाने पैसे घालवले असतील तर त्याला रागावू नका, कारण मात्र समजावून सांगा.

हवामानाशी तर भांडता येत नाहीच. मँगोस्टीन आणि रंबुतान यांना दमट हवा आणि उन्हाळ्यातही पाणी लागते. सिंधुदुर्गात नारळी-पोफळीच्या बागेत किंवा गोव्याच्या कुळागरात ती सावलीला सुखाने वाढू शकतात. नागपूरच्या मे महिन्यात ती जळतील. तिथे ड्रॅगन फ्रूटलाही एप्रिल-मेच्या उन्हात वर हिरवी जाळी लागते, नाहीतर खोडे पिवळी पडून भाजतात. आपले गाव कुठे आहे हे पाहून झाड निवडायचे. मनात आधी झाड धरून त्याच्यासाठी गाव शोधायला निघालेली मुले मी पाहिली आहेत, आणि तो रस्ता फार खर्चिक असतो.

याचा अर्थ निवडुंगांत करिअर नाही असे समजू नका. काडी विकण्यापलीकडे त्यात बरेच शिकण्यासारखे आहे. ड्रॅगन फ्रूटचे फूल संध्याकाळनंतर उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मिटते. लाल गराच्या अनेक जाती स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, त्यांना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. मूळ देशात हे काम वटवाघळे आणि पतंग करतात, आपल्याकडे रात्री ब्रश घेऊन माणसाला करावे लागते. कोणत्या जातीला कोणता पराग चालतो, शेतात दोन्ही किती प्रमाणात लावाव्यात, हे सांगू शकणारा नर्सरीवाला नुसत्या काड्या विकणाऱ्याच्या पुष्कळ पुढे असतो. काडीबरोबर खोडावरचे कुजके डाग आणि विषाणूही प्रवास करतात, म्हणून निरोगी मातृवृक्ष राखणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. बाजारात लाल-पिवळ्या गोळ्याचे शोभिवंत निवडुंग मिळतात. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते, तो स्वतःच्या बळावर जगू शकत नाही, म्हणून हिरव्या खुंटावर त्याचे कलम केलेले असते. तो खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचाच असतो. आपल्या माळावरच्या फड्या निवडुंगाच्या भावकीतले बिनकाट्याचे निवडुंग चारा आणि फळ दोन्हींसाठी लावले जाते. आणि जखम वाळवलेली निवडुंगाची काडी कुरियरने आठवडाभर फिरूनही जगते. गच्चीवर बाग करणाऱ्या शहरी गिऱ्हाइकांना घरबसल्या माल पाठवू पाहणाऱ्या नवख्या मुलासाठी हा मोठा फायदा आहे.

या सगळ्या धंद्यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पिशवीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेले नाव. शिंप्याच्या शिलाईत चूक झाली तर गिऱ्हाइकाला आठवड्यात कळते. झाडाचे नाव चुकले तर ते 5 वर्षांनी कळते, तेव्हा भरपाई पैशाने होत नाही, गेलेली वर्षे कुणीच परत देऊ शकत नाही. आज ‘दुर्मीळ’ या नावाखाली साध्या बियांचे रोप कलम म्हणून विकले जाते, एकाच काडीला तीन परदेशी नावे दिली जातात. म्हणून मुलाला पहिल्या दिवसापासून वही ठेवायला लावा. कोणती काडी कुठल्या झाडाची, कुणाकडून, कोणत्या तारखेला आणली, किती लावल्या, किती जगल्या, त्या झाडाला फळ लागलेले स्वतः पाहिले का. ज्या झाडाचे फळ आपण पाहिले नाही, त्याच्या पिशवीवर तसे स्पष्ट लिहून विकावे. सुरुवातीला विक्री कमी होईल. दहाव्या वर्षी लोक वाट वाकडी करून त्याच्याकडे येतील.

कायद्याची बाजूही आधीच कळलेली बरी. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून झाड, काडी किंवा बी आणायला आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. थायलंडहून येताना मामाच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून काडी आणणे हा गुन्हा तर आहेच, त्यातून नवी कीड देशात आली तर नुकसान सगळ्या बागायतदारांचे होते. थोडे अपवाद वगळता सगळे निवडुंग कुळ साइटिस या वन्य जीवांच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे. 2020 मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरून आणलेली हजाराहून अधिक रानटी निवडुंगे पकडली गेली. तेव्हा संग्राहकांच्या बाजारात माल कुठून आला हे विचारायची सवय मुलाला लवकर लागली पाहिजे. महाराष्ट्रात फळझाडांची रोपवाटिका चालवायला 1969 च्या कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो. राष्ट्रीय फलोद्यान मंडळ रोपवाटिकांना मानांकन देते, ते मिळाले तर मोठ्या ऑर्डरी मिळवणे सोपे जाते. आयकराच्या दृष्टीने रोपवाटिकेत स्वतः वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेती उत्पन्न मानले जाते, पण दुसऱ्याकडून तयार रोपे आणून विकली तर तो व्यापार ठरतो. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा.

शिक्षणाचे मार्ग सरळ आहेत. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या करता येते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालये आहेत. उष्ण कटिबंधातल्या फळझाडांची ओढ असेल तर दापोलीकडे आधी पाहावे असे माझे मत आहे, कारण आंब्याच्या कोय कलमापासून काजूच्या मृदुकाष्ठ कलमापर्यंत कोकणात कलमांची परंपरा जिवंत आहे आणि वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचे. मुलाला पुस्तकाचा कंटाळा असेल तर दहावीनंतर कृषी पदविका किंवा माळी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही चांगला. या क्षेत्रात हाताला पदवीइतकाच मान आहे. कोणताही मार्ग घेतला तरी एक पूर्ण पावसाळा एखाद्या जुन्या कलमवाल्याकडे पगाराची अपेक्षा न ठेवता काम करावे. कलम चाकू कसा धरायचा, पट्टी किती आवळायची, कुठल्या दिवशी काडी कापायची नाही, हे तिथेच समजते.

पालकांनो, सुरुवातीला जमीन विकू नका, कर्ज काढू नका. गच्ची किंवा परसातली दोन-तीन गुंठे जागा, शेडनेट, पाण्याची सोय आणि दोन वर्षांची मुदत द्या. या मुदतीत नफा किती झाला हे पाहू नका. शंभर कलमांपैकी किती जगली आणि दुसऱ्या वर्षी तो आकडा वाढला का, हे पाहा. तो वाढत असेल तर मूल योग्य मार्गावर आहे. आणि चार वर्षांनी त्याला किंवा तिला वाटले की धंदा आपल्याच्याने होणार नाही, तर उद्यानविद्येची पदवी वाया जात नाही. बँकांची कृषी अधिकारी पदे, राज्य लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, मोठ्या रोपवाटिकांतली उत्पादन व्यवस्थापकाची कामे, शहरांतल्या उद्यान विभागांतली पदे, सगळीकडे ती चालते. तेव्हा बारावीत असलेल्या मुलाला यंदा सीईटीचा अर्ज भरायला लावा, आणि पावसाळ्यात परसात कोकमाची वीस-पंचवीस रोपे खुंट म्हणून वाढवायला द्या. ती कलम बांधण्याजोगी होईपर्यंत त्याचे पदवीचे पहिले वर्ष संपत आलेले असेल.