तळ्याचा मक्ता

कात्रज, पुणे
चैत्र शुद्ध पंचमी

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. भिलारेवाडीच्या अंगाला असलेल्या आपल्या वडिलोपार्जित जमिनीत शेततळे करावे, हा तुझा मनोदय मला सर्वथा मान्य आहे. ते घरच्या माणसांनी खोदावे की मक्त्याने द्यावे, असे तू विचारतोस. आणि मक्त्याने दिल्यास पुण्यकर्म आपल्या हातून निसटेल अशी जी खंत तुझ्या पत्रातून डोकावते, तिच्यामुळेच हे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले.

प्रथम हिशेब कर. वरच्या बाजूस ३० मीटर लांब व तेवढेच रुंद, ३ मीटर खोल आणि चारी कडांना एकास एक उतार असे तळे घेतलेस, तर तळाशी २४ मीटरांचा चौरस उरतो आणि सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ७७५ ब्रास माती-मुरूम उपसावा लागतो. एका गड्याने दिवसाला एक ब्रास काढून बांधावर टाकला असे उदारपणे धरले, तरी पाच जणांना एकही खाडा न करता पाच महिने लागतील. आणि मुरमाखाली काळा पाषाण लागला, म्हणजे पहारीची मात्रा चालणार नाही ती वेगळीच. पोकलेन हेच काम थोड्या दिवसांत उरकते. ज्येष्ठाच्या आत खड्डा तयार व्हायचा असेल, तर खोदाई मक्त्याने देण्यात मला कोणताही कमीपणा दिसत नाही.

मक्तेदारी ही वृत्तीच हीन आहे, असा तुझा जो ग्रह दिसतो, तोही सोडून दे. ज्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला, ते स्वतः बांधकामाचे मक्ते घेत असत, आणि आपल्या कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या कामाशीही त्यांचे चरित्रकार त्यांचे नाव जोडतात. त्या व्यवसायातील लाचलुचपत त्यांनी जवळून पाहिली व तिच्यावर निर्भीडपणे लिहिले. पण त्याच अनुभवी पुरुषाने १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, तालीबंधारे अशा बेताने बांधावेत की पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मग ओढ्यानाल्याला मिळावे, असे सरकारला सुचवले. खोदणे आणि पाणी समजणे ही दोन कामे आहेत, हे त्यांनी ओळखले होते, आणि माझे सारे म्हणणे एवढेच आहे की पहिले काम खुशाल मोल देऊन करून घ्यावे, दुसरे मात्र कोणाच्याही हवाली करू नये.

म्हणूनच तुझ्या पत्रातील एका वाक्याने मी अस्वस्थ झालो. एक गृहस्थ तुला तळे फुकट खोदून देण्यास तयार आहेत, मोबदला म्हणून त्यांना केवळ मुरूम हवा आहे, असे तू लिहितोस. शहराची बांधकामे दाराशी आल्यापासून या भागात अशी बोलणी सर्रास होतात. परंतु ज्याची कमाई मुरमात आहे, तो मुरूम जेथे चांगला तेथे खोदील, पाणी जेथे येते तेथे नव्हे; कडांचा उतार राखण्यात त्याचे नुकसान असल्याने कडा उभ्या सोडील, आणि त्या पहिल्या दोन पावसांत ढासळतील. शिवाय मुरूम हे गौण खनिज असल्यामुळे ते वाहून नेण्यास महसूल खात्याचा परवाना आणि स्वामित्वधन लागते, आणि सातबारा तुझ्या नावाचा असल्याने नोटीस तुझ्याच दारी येईल. तेव्हा या गृहस्थांना विनयाने नकार कळव.

आता पाण्याचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेले कात्रजचे जलाशय तू लहानपणापासून पाहतोस, पण या दृष्टीने पुन्हा पाहा. डोंगरावरून येणारा गाळ वरच्या तळ्यात बसावा आणि निवळलेले पाणी खाली उतरावे, अशी त्यांची रचना आहे. तेथून भूमिगत दगडी नळाने, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जात असे, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. एवढ्या विस्तीर्ण कामावर शेकडो हात राबले असतील, पण पाणी कोठून घ्यावे आणि गाळ कोठे अडवावा हा निर्णय आधी कोणी तरी डोंगर पायी तुडवून केलेला असला पाहिजे. उलट त्याच खोऱ्यातून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जो अनर्थ केला, घरे आणि माणसे वाहून नेली, तो पाण्याची वाट न ओळखता वस्ती वाढवत गेल्याचे फळ आहे, आणि त्या रात्रीची आठवण झाली की आजही माझे मन व्यथित होते. तुझ्या तळ्याला सांडवा नसेल, तर भरलेले पाणी बांध फोडून खालच्या शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरेल. तेव्हा सांडवा बांधापेक्षा पुरेसा खाली, दगडी पिचिंगचा आणि मूळ ओहोळाकडे तोंड असलेला हवा. पाणी आत येते तेथे गाळासाठी लहानसा खड्डाही हवा.

जागा ठरवण्यासाठी तीन-चार ठिकाणी पुरुषभर खोल खड्डे मात्र तू स्वतः घे. त्यांत पाणी भर आणि दुसऱ्या दिवशी किती उरले ते पाहा. मुरूम पाणी पिऊन टाकीत असेल, तर अस्तराचा खर्च खोदाईच्या आधीच अंदाजपत्रकात धर, कारण तो पुष्कळदा खोदाईहून जड जातो. कृषी खात्याच्या अनुदानासाठी अर्ज मंजूर होण्यापूर्वी काम सुरू करू नकोस. करारनामा ताशी दराचा न करता ब्रासच्या मापाचा कर, खड्ड्याच्या मध्यभागी मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खांब मोजणी होईपर्यंत राखून ठेवायला सांग, आणि वरची सुपीक माती वेगळी काढून शेतात पसरून घे. बयाणा थोडा दे. अखेरची रक्कम सांडवा पुरा झाल्यावरच दे. यंत्र चालू असेल त्या दिवसांत जमिनीवरून हलू नकोस.

खड्ड्यांतील पाण्याचा अनुभव आला की मला कळव. मग मी तिकडे येईन आणि बांधाची आखणी आपण दोघे मिळून करू. वहिनींना सां. न.

तुझा
आप्पाकाका